मायनं उपटलेले टमाटे

मी गाव सोडलं त्या दिवशी माय मला स्टँडवर सोडायला आली नाही. परसात टमाट्याच्या झाडांना काठ्या बांधत बसली. मी बॅग खांद्याला लावून मागच्या दारात उभा, मोठा भाऊ बाहेर मोटरसायकल चालू करून हॉर्न मारतोय, आणि ही बाई मान वर करेना. "माय, येतो," म्हटलं तर सुतळी दातांनी तोडत म्हणाली, "जाय. मी आठेच शे." इथेच आहे, म्हणे. मला असा राग आला! एकोणीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा सुरतेला चाललाय आणि हिला काठ्यांची पडलीय. बस नवापूर ओलांडून गेली तरी तो राग उतरला नव्हता. तिला माझ्यासमोर रडायचं नव्हतं, एवढी साधी गोष्ट कळायला मला स्वतःची पोरं मोठी व्हावी लागली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना पुढचं सांगायला नको. सुरतेच्या गोडादऱ्यात एका खोलीत सात जण, कापड विणायच्या लूमवर बारा तासांची पाळी, कानात दिवसभर खटखट. घरी अहिराणी, कारखान्यात हिंदी, दुकानात गुजराती. माझी पोरं आता तिन्ही बोलतात आणि मी रागावलो की आपसांत गुजरातीत हसतात. लूमवर आठ वर्षं काढून मी प्रिंटिंग मिलमध्ये लागलो, कापडाचे रंग बनवतात त्या खात्यात. साहेबानं दाखवलेल्या तुकड्याशी रंग तंतोतंत जुळवायचा, हे माझं काम. त्यात मी पटाईत झालो. नंतर गोडादऱ्यातच वरच्या मजल्यावर घर घेतलं, वर गच्ची मिळाली. बायको सुनंदा म्हणाली कपडे वाळत घालू. मी म्हटलं, टमाटे लावू.

टमाटे म्हणजे मायचे. आमच्या घरी तिच्या लग्नाआधीपासून एक गावठी टमाटा होता. दिसायला अगदी बावळट. चपटा, भोपळ्यासारख्या फाका पडलेला, देठाशी कायम हिरवट. बाजारात नेला तर लोक हसतील. पण चुलीच्या निखाऱ्यात भाजून, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचला आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर घेतला की दुसरं काही नको. आंबटपणा असा की डोळे मिटावेत. माय त्याचं बी राखेत चोळून जुन्या मडक्यात ठेवायची. एका वर्षाचंच. पेरून उरलं की कोंबड्यांना टाकायची, कारण गावात बाकी सगळे नर्सरीची रोपं आणायला लागले होते आणि हे बी कुणी मागत नव्हतं. मी मागितलं तेव्हा ती कोण खूश झाली! कागदाच्या पुडीत बांधून दिलं.

सुरतेतल्याच कतारगामच्या एका नर्सरीत मला हसमुखभाई भेटले. हिरे घासणारा माणूस, मला दहा-बारा वर्षांनी मोठा. गच्चीवर काळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे टमाटे लावायचा आणि बी फुकट वाटायचा. एका जातीच्या फुलातले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या जातीचा पराग त्याला लावायचा आणि नवीन रंग काढायचा, हा त्याचा नाद. त्यासाठी हिरा धरायचा चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग वापरायचा. मला म्हणाला, "तमे रंगवाळा माणस, तुमको तो ये आना ही चाहिए." झालं. मला नाद लागला.

मायच्या टमाट्याच्या फुलावर मी त्यांच्या एका काळ्या-पिवळ्या जातीचा पराग लावला. पुढच्या हिवाळ्यात त्या बियांची झाडं फळली. काय सांगू! लालभडक अंग आणि खांद्याशी वांग्यासारखी जांभळी झाक. सगळी झाडं एकसारखी. मिलमधले लोक बघायला आले. मी त्याला मायचंच नाव दिलं, गिरजा. बिया काढल्या, पाकिटं केली, प्रत्येकावर माझ्या हातानं 'गिरजा' लिहिलं. व्हॉट्सअॅपवर बी वाटणाऱ्यांचा ग्रुप होता, त्यात फोटो टाकला आणि मागेल त्याला पाकीट धाडलं.

हसमुखभाईंनी तेव्हाच हात धरला होता. "उतावळ मत करो भाई. ये पहिली पिढी है, सब सरखा ही दिखेगा. आगे सब बिखरेगा. सात साल चुन-चुन के लगाओ, फिर नाम दो." मी ऐकलं नाही. मला वाटलं, जळतोय म्हातारा. आज हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

पहिलं पाकीट अर्थातच मायला पाठवलं. आणि फोनवर, मोठा शहाणा असल्यासारखा, भावजाईला सांगितलं, "जुनी झाडं शेजारी ठेवू नका. नव्यात त्यांचा पराग मिसळेल, माझी जात बिघडेल. जुनी उपटून टाका आणि तेच वाफे याला द्या."

भावजाई आता सांगते, तेव्हा जुनी झाडं गुडघ्याएवढी होती, फुलावर आलेली. ती म्हणाली होती, असू द्या ना एक ओळ. माय म्हणाली, "मन्हा पोरनी धाडेल शे," आणि स्वतःच्या हातानं सगळी उपटली. पोटचं सांगतोय म्हटल्यावर तिला दुसरं कारण लागत नव्हतं.

पुढे काय झालं ते हसमुखभाईंनी सांगितलं होतं तसंच. गावाकडची झाडं फळली ती दहा तऱ्हांची. एक पिवळं, एक बारीक लाल, एक जांभळं पण आत नुसतं पाणी. निखाऱ्यात टाकलं की फुटून राखेत सांडायचं. ज्यांना पाकिटं दिली त्यांचेही फोन येऊ लागले, कुणी हसून, कुणी चिडून. मला त्यांचं काही वाटलं नाही. मायनं फोन केला तेव्हा वाटलं. तिची तक्रार नव्हतीच. एवढंच म्हणाली, ते जुनं थोडं बी तुझ्याकडचं पाठव, चटणी जमत नाही.

माझ्याकडे नव्हतं. पुडीतलं सगळं मी पहिल्याच वर्षी पेरलं आणि त्या झाडांची फुलं एकूण एक नव्या जातीसाठी वापरली. जुनं काय, गावाला आहेच, असं मी धरून चाललो होतो. गावाला वाटत होतं, सुरतेला असेल. हसमुखभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "उखाड़ने की जरूर ही नहीं थी. टमेटा तो पोते पोतानामां फळे." म्हणजे टमाट्याचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं. शेजारी ठेवलं असतं तरी फारसं बिघडणार नव्हतं. मी त्यांच्या जिन्यावरच बसलो. कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरचे सात हिवाळे मी उलटा चाललो. सगळे नवीन रंग काढत होते आणि मी दर वर्षी त्याच बियाण्यातून साधा, चपटा, फाकांचा, आंबट टमाटा शोधत होतो. अर्धं रक्त तर मायच्या टमाट्याचं होतं, म्हणजे तो आत कुठेतरी असणारच, असा हिशेब. गच्चीवर थर्माकोलच्या खोक्यांच्या रांगा. जांभळं फळ दिसलं की झाड काढून टाकायचं. सुनंदा म्हणायची, लोक ज्याच्यासाठी मरतात ते तुम्ही फेकताय. मी तिच्यावर खेकसायचो.

संक्रांत झाली की निवडलेली फळं डब्यात कापूस घालून गावी न्यायचो. सकाळी पोचायचो, दुसऱ्या दिवशी परत, रजा कुठे मिळते. फळं तिच्यासमोर ठेवून म्हणायचो, रंग जुळतो का बघ. माय चूल पेटवायची, माझ्यासमोर ठेचा करायची, घास घ्यायची. मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. ती चघळायची, थांबायची. "हाऊ तो नही रे भाऊ." हा तो नव्हे, दर वर्षी तेच. मी वहीत लिहायचो, साल कमी जाड, आंबट कमी, आणि बॅग उचलायचो.

गेल्या वर्षी मात्र एक झाड दिसायला फार जवळ आलं होतं. पहिली फळं पिकायला चार-पाच दिवस होते. आणि आली उतराण, म्हणजे आपली संक्रांत. सुरतेची उतराण म्हणजे गच्चीवर अख्खी बिल्डिंग, पतंग, उंधियू आणि स्पीकर. मी खोकी कोपऱ्यात सरकवली, पोरांना दम दिला की तिकडे कुणी फिरकायचं नाही. मग मीच मांजा हातात घेतला. पतंग काटण्याच्या नादात मागे मागे सरकत गेलो, नजर आभाळात, आणि धाडकन खोक्यांवर बसलो. तेच झाड बुडातून मोडलं, फळंही माझ्याखाली चेंदली. 'काप्यो छे!' म्हणून चारी बाजूंनी ओरडा चालला होता आणि मी चिखलात बसलेलो. दुसऱ्या कुणी मोडलं असतं तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मायला फोनवर आधीच सांगून बसलो होतो, या वेळी नक्की. म्हणून मी ते केलं. नंदुरबारला उतरलो, बाजारात एका गाडीवरून त्यातल्या त्यात फाका पडलेले टमाटे निवडले आणि कापूस घालून डब्यात ठेवले.

मायनं ठेचा केला. घास घेतला. थांबली. आणि म्हणाली, "हाऊच शे तो."

भाऊ हसला, भावजाईनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं जमीन फाटावी. दुसऱ्या दिवशी परत येताना बसमध्ये मी एकच विचार करत होतो, तिची चव गेली की काय? आणि गेली असेल तर मी सात वर्षं कुणाला विचारत होतो?

सहा महिने मी ते पोटात ठेवलं. रोज वाटायचं, ती बाजारातलं बी राखेत चोळून ठेवत असेल, आमच्या घरचं म्हणून. शेवटी एका रविवारी फोन केला आणि सांगून टाकलं. उतराण, झाड, बाजार, सगळं.

 माय म्हणाली, "माले तवयच समजनं व्हतं." पहिल्या घासाला कळलं होतं तिला. बी तिनं ठेवलंही नव्हतं.

"मग तोच आहे असं कशाला म्हणालीस?"

"तू येस, मन्हा तोंडकडे देखस, ते टमाटा आंबट शे का गोड इतलंच देखाले. मन्हाकडे कोठे देखस?" आणि पुढे, "आते काई टमाटा-बिमाटा लईसन येऊ नको. नुसता ये. चार दिन ऱ्हाय."

 मी फोन सुनंदाच्या हातात दिला.

दिवाळीला गेलो, चार दिवस, रिकाम्या हातानं. पहिल्या सकाळी माय चहा ओतत होती. डाव्या हाताचं बोट कपाच्या आत धरून, चहा बोटाला लागला की थांबायची. मी भावजाईकडे बघितलं. ती म्हणाली, मोतीबिंदू आहे, दोन वर्षं झाली. आईंनीच सांगू नका म्हटलं, तो येतो एका दिवसासाठी, कशाला त्याच्या डोक्याला. म्हणजे दोन वर्षं मी तिच्यासमोर टमाटे ठेवून विचारत होतो, रंग जुळतो का बघ. रंग जुळवण्यावर माझं पोट आहे आणि मायचे डोळे पांढरे झालेले मला दिसले नाहीत.

ऑपरेशन ठरलंय, एका डोळ्याचं आधी. बी वाटणं मी सोडलं नाही, पण पाकिटावर आता कुणाचं नाव लिहीत नाही. तो टमाटा गेला, माझ्यामुळे गेला, आणि तो परत येणार नाही हे मी कबूल करून टाकलंय. सुरतेत कुणी विचारलं, घर कुठलं, तर पूर्वी मी साक्री तालुका सांगून गावाचं वर्णन सुरू करायचो. आता मला एवढंच डोळ्यांसमोर येतं की एक म्हातारी कपात बोट घालून माझ्यासाठी चहा ओततेय. ते माझं घर, आणि मी तिथे राहत नाही.