रावजींचं आगळ

हातखंब्याच्या तिठ्यावर रावजी मांडवकरांचं दुकान आहे. आमसुलं, कोकमाच्या रसाचं आगळ, फणसपोळी असला माल; पण खरा माल म्हणजे रावजींची जीभ. मुंबईच्या फुटपाथवर ऐन उन्हाळ्यात छत्र्या विकून ती तयार झालेली.

एकदा पुण्याचे कुणी प्राध्यापक सरबत प्यायला थांबले आणि जाता जाता सांगून गेले, की कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं द्रव्य असतं, कॅन्सरच्या पेशींवर त्याचा काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत तपासताहेत. गाडी वळणाआड गेली आणि रावजींनी त्यातली प्रयोगशाळा गाळून टाकली. संध्याकाळपर्यंत 'तपासताहेत'ही गेलं. उरलं ते एवढंच, की आगळ पिणाऱ्याला कॅन्सर होत नाही आणि झालेला टिकत नाही. पुढे त्यात मधुमेह, गुडघे आणि केस गळणंही बसवलं. गार्सिनॉल हे नाव तर ते असं घ्यायचे, जणू भावकीतलाच कुणी परदेशात जाऊन मोठा झालाय.

कुणी शंका काढलीच तर रावजी मागे बसलेल्या बायकोकडे बोट दाखवायचे. कमळाचे हात जन्मभर कोकमात, तिला कधी साधी सर्दी तरी झाली का विचारा, म्हणायचे. कमळा आपल्या कामात. सालींना रसाचं पुट द्यायचं, उन्हात पसरायच्या, परत पुट द्यायचं. मान वर करायला तिला सवड कुठली?

या मे महिन्यात साली पसरता पसरता ती चक्कर येऊन खाली बसली. रावजींनी तिला रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तदाब भलताच चढलेला. बाईंनी लोणचं विचारलं, पापड विचारला, सुकी मासळी विचारली. कमळा सगळ्याला नाही म्हणाली. मग खाली बघत तिने सांगितलं, की ती रोज सकाळी पेलाभर आगळ पिते, पाणी न घालता.

रावजी उडालेच. आगळ म्हणजे टिकावं म्हणून रसात मिठाचा मारा. सोलकढीला चार चमचे पुरतात. कोकमात जन्म गेला आणि एवढी अक्कल नाही, म्हणून त्यांनी डॉक्टरीणबाईंसमोरच तिला फैलावर घेतलं.

"छातीत गाठ हाय," कमळा म्हणाली. "शिमग्यापास्नं. तुमी गिऱ्हाइकांना सांगताव ते ऐकून प्यायले."

बाईंनी तिला आत नेऊन तपासलं. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर औषध टाकणं वेगळं आणि पेला पोटात ओतणं वेगळं, हे त्यांनी रावजींना शांतपणे समजावलं. गाठ कसली आहे ते तुकडा तपासल्याशिवाय कळणार नाही. साधीही असेल, पण शिमग्यातच यायला हवं होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर रावजींनी कशीबशी तोंड उघडायची हिंमत केली.

"ते धंद्याचं बोलणं गो. तू कशाला खरं धरलंस?"

कमळाने पदराने तोंड पुसलं.

"मी घरातली असून धरलं," ती म्हणाली. "मग दुकानातनं आगळाच्या बाटल्या नेल्या त्या बायांनी काय केलं असंल?"

रावजी एकेक गिऱ्हाईक आठवू लागले. त्या बायांमधल्या एकीचंही नाव-गाव त्यांना ठाऊक नव्हतं.