पिवळ्या चौकटीतला माणूस

इकडे परदेशात, चांगी बिझनेस पार्कमध्ये आमच्या ऑफिसमागे सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक पिवळी चौकट आखलेली आहे. सिगारेट कमी करायची म्हणून मी फक्त दुपारची ठेवली होती आणि त्या वेळी तो हमखास तिथे असायचा. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. स्वतः ओढायचा नाही. पण लायटर पेटवून शेजारच्या मोकळ्या जागेत, तोंडाच्या उंचीवर धरायचा.

एकदा न राहवून मी हिंदीत विचारलं, तर तो मराठीत म्हणाला, "मित्र आहे. दोघांनी मिळून सोडायचं ठरवलं होतं. मी सोडली. तो चोरून वेप ओढत राहिला, छातीच्या दुखण्यानं गेला."

"मग आता हे?"

"त्याला अजून सुटत नाही हो. एकट्याला कसं ठेवू?"

वारा अजिबात नव्हता. त्यानं लायटर धरला आणि ज्योत हळूच आडवी झाली, कुणी आत ओढून घ्यावी तशी.

"बघितलंत?" तो खुशीत म्हणाला. "एरवी लोकांसमोर लाजतो."

मी हातातली सिगारेट न पेटवताच टाकून दिली आणि पुन्हा तिकडे गेलो नाही.

घरी सगळे माझ्या निश्चयाचं कौतुक करतात.