रेडिओच्या पाठीतली दोन भोकं

पेचकस दातात धरायचा, त्याचं टोक उघड्या रेडिओच्या पोटाला लावायचं आणि डोळे मिटायचे. तो असा बसला की बाजारातली नवी माणसं थांबायची. त्यांना वाटायचं, हा गडी रेडिओ खायला निघालाय. आम्ही जुनी माणसं काही थांबत नव्हतो. ताडकळसच्या बाजारात त्याचा रेडिओदुरुस्तीचा पत्र्याचा खोका आणि माझी सुतारकामाची छपरी एकाच भिंतीला टेकलेली होती.

सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. अर्धे टिंगलीनं, अर्धे खरंच. त्याचं नाव इथं लिहिलं असतं तर त्याला लय आवडलं असतं, म्हणूनच लिहीत नाही.

"कानावर भरवसा ठेवू नका मिस्त्री," तो मला म्हणायचा. "कान फसवतो. दातातनं आवाज हाडकात जातो, हाडूक फसवत न्हाई."

कारागीर म्हणाल तर बरा होता. फार बरा नव्हता. कुणाचा रेडिओ दुरुस्त होऊन जायचा, कुणाचा आला होता त्याहून मुका होऊन जायचा. पण कसाही जावो, पाठीत एक भोक पाडून घेतल्याशिवाय जात नसे. ही त्याची खोड. गिऱ्हाइकानं मागितलेलं नसायचं. हा आपला गरम सळईनं भोक पाडायचा, आतून दोन तारा आणायचा आणि तिथं तार खुपसायला एक पोकळ टोपण बसवायचा. अशी भोकं तुम्हीही जुन्या रेडिओंना पाहिली असतील. आमच्या भागातली असतील तर ती त्याचीच.

पालमचे एक पाटील एकदा रेडिओ काखेत मारून तणतणत आले.

"उस्ताद, हे भोक कशाचं?"

"आवाज बाहेर काढायला."

"आवाज बाहेरच यायलाय की!"

"तो खोक्यात खराब होऊन यायलाय, पाटील. खराब व्हायच्या आधी तारेनं बाहेर घ्यायचा. बाहेर मग कायबी जोडा. मोठा भोंगा जोडा, माठात बसवलेला स्पीकर जोडा."

"मला कायबी जोडायचं न्हाई. झुरळं जायलीत त्यातून!"

"असू द्या. पुढं लागंल."

पुढं लागंल, हे त्याचं ठरलेलं उत्तर. पाटील शिव्या देत एस. टी. कडं गेले. उस्ताद हसला आणि पुढच्या रेडिओसाठी सळई तापवायला ठेवली.

आता माझ्या बायकोचं सांगतो, कारण तिच्याशिवाय उस्ताद कळायचा नाही. तिचे कान लहानपणापासून वाहायचे. लग्नात एका कानानं ऐकू यायचं, लेकरं मोठी होईपर्यंत तोही गेला. परभणीच्या डॉक्टरनं बघितलं आणि पडदे उरले नाहीत म्हणून सांगितलं. मग घरात मी ओरडून बोलायला लागलो. ओरडून फक्त कामाचं बोलता येतं. पाणी दे, दार लाव, पाहुणे आलेत. गंमत ओरडून सांगता येत नाही. हळूहळू आमच्या घरात गंमतच राहिली नाही. ती बायकांत जाऊन बसायचीही बंद झाली.

एकदा ती माझी भाकरी घेऊन छपरीत आली. उस्ताद तिकडं पेचकस चावत बसलेला. ती बघत राहिली.

"हे काय खायलेत?" तिनं मला विचारलं.

मी कपाळाला हात लावला. उस्ताद काही कामाला उठला आणि ती सरळ त्याच्या खोक्यात गेली. पेचकस लुगड्याला पुसला, दातात धरला आणि टोक लावलं तिथंच, जिथं त्यानं लावलं होतं. मी ओरडणार, तेवढ्यात तिनं पेचकस टाकला आणि गालाला हात लावून माझ्याकडं वळली.

"आवो, आत कोणतरी बोलायलंय!"

उस्ताद परत आला तेव्हा ती दुसऱ्यांदा पेचकस दातात धरून बसली होती. तिला शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण यायची. पण यायची. उस्तादचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या सगळ्या भोकांना आज उत्तर मिळालं.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीचे दिवस. बाजार कधी बंद होईल सांगता यायचं नाही. खोक्यापुढं बातम्यांना दोन्हीकडची माणसं उभी राहायची, एकमेकांकडं न बघता. बंद असला की आम्ही दोघं मागच्या बाजूला बसायचो. माझा घरचा रेडिओ त्यानं उघडला, पाठीतून तारा काढल्या. एक मोडका स्पीकर त्यांना जोडला आणि त्याचा कागद फाडून टाकला.

"कागद हालतो म्हणून आवाज होतो," तो म्हणाला. "पण कागद कानासाठी. वहिनीला काडी पायजे. तुमी काडी करा."

स्पीकरच्या मधोमध, जिथं कागद असतो, तिथं काडी उभी चिकटवायची आणि तिचं दुसरं टोक बायकोनं दातात धरायचं. मी सागाची काडी केली. जड झाली, हालेचना. बाभळीची केली, त्या काडीनं स्पीकरच्या आतली बारीक तार तोडली. प्रत्येक खेपेला बायकोला बोलावायचं, ती काडी दातात धरायची आणि नाही म्हणून मान हलवायची. बाजारातली टवाळ माणसं गोळा व्हायची. एकानं तर विचारलं, "वहिनीला दातवण देयलाव का उस्ताद?"

ती घरी आल्यावर म्हणाली, "आता एकदाच येते. न्हाई झालं तर मला पुन्हा तमाशाला बोलवू नका. मी आपली बहिरीच बरी."

मी ते उस्तादला सांगितलं. मी वेळूची काडी घेतली, काचेनं खरवडून हलकी केली. सरस गरम करून त्यानं ती चिकटवली. बायको आली, पदर खोचला, काडी दातात धरली. उस्तादनं आवाज वाढवला. तिचे डोळे मोठे झाले. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत होतो.

तिनं काडी काढली आणि रागानं म्हणाली, "जवारी उतरली म्हणतो की! आन तुमी अजून इकली न्हाई!"

इतक्या वर्षांनी तिनं धड ऐकलं ते बाजारभाव.

मी समाधानानं उठायला लागलो तर उस्ताद म्हणाला, "बसा मिस्त्री." आणि त्यानं सळई पुन्हा तापवायला ठेवली. माझ्या रेडिओला दुसरं भोक पाडलं.

"हे आता कशाला?"

"पैलं आवाज बाहेर काढायला. हे आवाज आत घालायला." त्यात त्यानं एक जुना माइक जोडला आणि माझ्या हातात दिला. "बोला. वरडू नका. हळू."

काय बोलायचं? ती काडी दातात धरून माझ्याकडं बघत होती. उस्ताद समोर ऐटीत उभा होता. मी माइक तोंडाजवळ नेला आणि त्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू बोललो, "उस्तादच्या मिशीला सरस लागलाय."

तिनं त्याच्या मिशीकडं बघितलं. आणि अशी हसली की काडी तोंडातून पडली. उस्ताद विचारतोय, "काय म्हणले? वहिनी, काय म्हणले?" तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

पुढं रोज रात्री जेवण झालं की मी तिला दिवसभरातलं काहीबाही हळू सांगायचो.

नामांतर झालं त्या हिवाळ्यात ती गेली. उस्ताद भेटायला आला. थकला होता. कोनाड्यातला रेडिओ काढला, काडी हलवून बघितली आणि म्हणाला, "सरस सुटलाय. असंल तर गरम करा."

मला राग आला. "आता कशाला? ऐकणारी गेली."

"पुढं लागंल."

"कुणाला?"

त्यानं काहीतरी सांगितलं. "काय?" मी म्हणालो. त्यानं पुन्हा सांगितलं. "काय म्हणतोस, मोठ्यानं बोल की," मी ओरडलो. तेव्हा त्यानं पेचकसाचं टोक माझ्याकडं केलं.

मी उठून सरस गरम केला.

पुढच्या पोळ्याच्या आत तोही गेला. त्याच्या खोक्यात आता चपला विकतात. माझेही कान गेले, आणि दात उरले नाहीत, म्हणून काडी हिरडीत धरतो. तिच्या टोकाला बायकोच्या दातांचे वण आहेत, ते जिभेला लागतात. बाजारभाव कळतात. बाकी, माइकचं दुसरं भोक रिकामंच आहे, त्यातून झुरळं जातात. पालमचे पाटील खोटं बोलत नव्हते.