वहिनीच्या खोलीतली भिंत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय — कळत नाही. पण ऐका.

मी रंगारी. ठाण्यात साइटवर काम शिकलो आणि खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर परत आलो. कुडाचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, रंग माझ्या हातानं दिला. बाजारात भेटलेल्या लोकांना मुद्दाम घर दाखवायला आणायचो. छाती फुगायची माझी!

मागच्या खोलीत वहिनी राहायची, थोरला भाऊ गेल्यापासून एकटीच. तिथंच तिची चूल. आमच्याकडे पावसाळाभर चूल विझू देत नाहीत. तिच्या उबेनं घर कोरडं राहतं. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं.

पहिल्याच पावसाळ्यात त्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. वर स्लॅबला भेग होती — मीच नीट न बुजवलेली. उपाय मला पाठ होता. आधी गळती थांबवायची, तोंडाला फडकं बांधायचं, बुरशी ओली करून खरवडायची, साबणाच्या पाण्यानं घासायची, भिंत ठणठणीत वाळली की मगच रंग. मी काय केलं? ओल्या भिंतीवर रंगाचे दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी रंगकामाचं गिऱ्हाईक घर बघायला यायचं होतं ना!

पंधरा दिवसांत पोपडे सुटले, बुरशी परत वर आली. मी नागलीच्या दाण्यांची उंच कणगी सरकवून कोपरा झाकला. वहिनीला खोकला लागला, मग धाप. उपकेंद्राच्या नर्सबाई तिला बघायला घरी आल्या आणि दारातच थबकल्या.

"कुबट वास येतोय. ओल आहे का कुठं?"

कणगीला पाठ लावून उभा राहिलो आणि म्हणालो — किती सहज म्हणालो! — "चुलीचा धूर हो, बाई. ऐकतच नाही ती."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. ती भांडली असती तर कदाचित मी... नाही. तिच्यावर ढकलत नाही. त्याच दिवशी मी तिची चूल फोडली. ऊब गेली आणि बुरशी छतापर्यंत चढली. दिवाळीआधी ती वांगणीला माहेरी भावाकडे निघून गेली, आपल्याच धुरानं आजार ओढवला आणि भिंतही काळी झाली असं मानून.

ती गेल्यावर मी भेग बुजवली, भिंत घासली, वाळवली, कणगी भिंतीपासून हातभर लांब ठेवली. चार दिवसांचं काम. चार दिवस! त्यानंतर बुरशी आलेली नाही, आणि ती भिंत मी आजही गिऱ्हाइकांना दाखवतो. लाज वाटते, तरी दाखवतो.

गेल्या वैशाखात मुलीच्या हळदीला वहिनी आली. ओट्याच्या तीन पायऱ्या चढतानाच तिला धाप लागली. जेवायला आत ये म्हटलं तर उंबऱ्याशीच थांबली.

"नको भावजी," म्हणाली, "माज्या लुगड्याला धुराचा वास हाय. तुमच्या भिंती परत काळ्या व्हतील."

बायका हसल्या. मीही हसलो — आणि तिचं ताट बाहेर अंगणात नेऊन दिलं.