सव्वापट वेगाची मालिका

आईच्या टॅबवर मी एकदा एक खुनाची मालिका सव्वापट वेगाने पाहिली आणि नंतर वेग पूर्ववत करायला विसरलो.

माझ्या फोनची बॅटरी संपली होती, बाहेरच्या टीव्हीवर बायको कुठल्याशा परदेशी लोकांचा स्वयंपाक बघत होती आणि आई भजनाला गेली होती. टॅब मोकळा होता, घेतला. मला सगळंच जरा पळवत बघायची खोड आहे. पडद्यावरचा माणूस गाडी लावून, जिना चढून, बूट काढून आत येईपर्यंत मला धीर निघत नाही. खुनी सापडला, मी टॅब जागेवर ठेवला आणि जेवायला बसलो. त्या अ‍ॅपचं मात्र असं आहे की एकदा सांगितलेला वेग ते आपण होऊन बदलत नाही. आमच्या घरात इतकं आज्ञाधारक दुसरं कोणी नाही.

त्यातून पुढे आई आणि मावशीचं बोलणं बंद झालं.

आई आमच्याकडे असते, कात्रजच्या डेअरीच्या पुढे. तिची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, खडकीला मुलगा-सुनेकडे. दोघींनी पंचाहत्तरी ओलांडलेली, दोघींचे गुडघे गेलेले आणि मध्ये अख्खं पुणे, तेही खणून ठेवलेलं. त्यामुळे भेटी लग्नकार्यात, नाहीतर दवाखान्यात. बाकी सगळं नातं एका मालिकेवर चाललेलं. ती टीव्हीवर सातला लागते, पण सातला आईची दिवाबत्ती आणि मावशीच्या नातवाचं कार्टून. म्हणून दोघी ती साडेआठला अ‍ॅपवर बघतात. आई टॅबवर, मावशी त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर, आणि मध्ये फोन स्पीकरवर ठेवलेला.

हा विधी बघण्यासारखा असतो. आई टॅब पोह्यांच्या डब्याला टेकवते, चष्मा पुसते, फोन लावते.

“बसलीस?”

“बसले. थांब, पाणी घेते. हां. दाबू?”

“दाब.”

दोघी एकाच वेळी बटण दाबतात आणि पुढची वीस-बावीस मिनिटं एकमेकींच्या शेजारी बसतात. मी त्यांना एकदा म्हटलं, “अगं, ज्याचं त्यानं सवडीनं बघावं, म्हणून तर हे अ‍ॅप काढलंय ना?” आई म्हणाली, “मग ज्याला सवड आहे त्यानं बघावं. आम्हाला सोबत हवीय.”

यामागे एक जुना करार होता. दोघींची लग्नं व्हायच्या आधी, मंडईमागच्या दोन खोल्यांत राहत असताना, मावशी मैत्रिणींबरोबर एक सिनेमा बघून आली आणि घरात पाऊल टाकल्याटाकल्या तिनं आईला तो शेवटासकट सांगून टाकला. आई दुसऱ्या दिवशी जाणार होती. ती गेलीच नाही, चांगली दोन वेळा जेवलीही नाही म्हणे. शेवटी दोघींनी देवापुढे शपथ घेतली, की यापुढे एकीला सोडून दुसरीनं बघायचं नाही.

ती शपथ मी लहानपणी डोळ्यांनी पाळलेली पाहिली आहे. मावशीचे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि टीव्ही आमच्या आधी त्यांच्याकडे आला. लाकडी सरकती दारं असलेला, चार पायांवर उभा. रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा आणि आम्ही दुपारच्या बसनं क्वार्टर्सवर जायचो. दाराबाहेर चपलांचा असा खच, की परत निघताना कुणाची तरी बदलायचीच. खोलीत क्वार्टर्समधली निम्मी बिऱ्हाडं. आम्हाला उशीर झाला, तर मावशी टीव्हीची दारं लावून त्याच्यापुढे पाठ करून बसायची. “ताई आल्याशिवाय नाही,” म्हणायची. शेजारपाजारचे लोक कुरकुरायचे. “अहो वहिनी, नावं तरी बघू द्या!” मावशी ढिम्म. सिनेमा दिल्लीहून सुरू व्हायचा तेव्हा व्हायचा, खडकीत आई आल्यावर सुरू व्हायचा.

आई मंडईतून मटार घेऊन जायची. दोघी मध्ये पातेलं ठेवून बघता बघता सोलत बसायच्या. रडका प्रसंग आला, की टरफलं पातेल्यात आणि दाणे कागदावर. हसायला आलं, की अख्खी खोली एकदम हसायची. ज्याला विनोद कळला नाही तोही हसायचा, आणि तो बहुधा मी असायचो. आज आमच्या घरात माणशी एक पडदा आहे आणि कानात बोंडं. एक जण मध्येच खो खो हसतो आणि बाकीचे दचकतात.

तर, वेग सव्वापट झाला त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत होतो. बाहेरून आईचा आवाज आला.

“अगंबाई! दिली की हो सासूनं तिच्या थोबाडीत!”

फोनमधून मावशी म्हणाली, “कुणी दिली? सासू अजून तुळशीला पाणी घालतीय.”

“काय सांगतेस! इथे ती रडत वर गेलीसुद्धा.”

“ताई, गप. मला बघू दे.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईचा भाग संपून तिनं चष्मा काढून ठेवला, तरी मावशीकडे अजून पाहुणे यायचे होते. आईनं मला हाक मारली. घरातला तांत्रिक सल्लागार मीच. हे पद मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलेलं आहे.

“हल्ली ही माणसं फार घाईनं बोलतात रे,” आई म्हणाली. “पूर्वी कशी ठासून बोलायची.”

यावर कुठल्याही शहाण्या माणसानं टॅब हातात घेऊन पाहिला असता. मी भाषण दिलं. जग वेगवान झालंय, लोकांना धीर उरलेला नाही, मालिकावाल्यांनाही त्याचा विचार करावा लागतो, वगैरे. वर फोनमध्ये तोंड घालून मावशीला म्हटलं, “मावशी, तुझं नेट हळू आहे. राउटर काढून परत लाव.”

मावशीची सून घरून कंपनीचं काम करते. तिनं तिथल्या तिथे सांगितलं, “नेट हळू असतं तर माझी नोकरी गेली असती.” झालं. नेट बरोबर असेल, तर उरलं काय? पैसे भरणाऱ्यांना त्या अ‍ॅपवर भाग सकाळीच मिळतो, हे मावशीला माहीत होतं. तिनं दुसऱ्या दिवशी फोनवर हिशेब मांडला.

“ताई, तू सकाळीच बघून घेतेस.”

“मी?”

“मग तुला कसं कळतं आधी? अंगात येतं?”

“मी शपथ मोडेन असं वाटतं तुला?”

“वाटत नव्हतं. म्हणून तर मेलं वाईट वाटतंय.”

आईनं फोन ठेवला. साडेआठ वाजले, पावणेनऊ वाजले. टॅब पोह्यांच्या डब्याला टेकून काळाच राहिला. पुढचे कितीतरी दिवस तसंच. आई साडेआठला जागेवर येऊन बसायची, फोन पालथा ठेवायची आणि वाती वळायची. इतक्या वाती झाल्या, की बायको म्हणाली, “अहो, आता एक देऊळ तरी काढा, नाहीतर मावशींना फोन तरी लावा.”

मी लावला. मावशी म्हणाली, “तू मध्ये पडू नकोस.” मी पडलो. माझ्या डोक्यात नामी युक्ती आली होती. आई आणि टॅब, दोघांनाही खडकीला न्यायचं, मावशीच्या टीव्हीशेजारी टॅब ठेवायचा, दोन्ही एकदम सुरू करायचे आणि आई निर्दोष आहे हे सर्वांसमक्ष सिद्ध करायचं. नेमकं कसं सिद्ध होणार होतं, याचा मी विचार केला नव्हता. वकिली पेशा मी घेतला नाही ही पक्षकारांवर मोठीच मेहेरबानी.

आई लगेच तयार झाली. तिनं लग्नाला नेसायची साडी नेसली, टॅब टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला आणि पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसली. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, “एक विचारू का रे? मी पाहिलेलं नाही, हे मला माहितीय. पण दुपारी पडल्या पडल्या हात लागून पाहिलं आणि विसरून गेले, असं होत असेल का? आमच्या भजनातल्या एका बाईंचं तसं सुरू झालंय. आधी वस्तू विसरायच्या, आता माणसं.”

“काहीतरीच काय, आई.”

“नाही, असेल तर सांगावं माणसानं. मावशी तुझी उगाच बोलणार नाही. लहानपणापासून तोंडाळ आहे, पण खोटारडी नाही.”

सिग्नल सुटला. मी रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत राहिलो. गंमत म्हणून आखलेल्या खटल्यातली गंमत तिथेच संपली.

मावशीनं दार उघडलं. “ये,” म्हणाली. पाणी दिलं. चहाचं नाव नाही. आईनंही पाणी ओठाला लावून खाली ठेवलं. मावशीचा मुलगा कामाला गेलेला. सून लॅपटॉप मिटून, असं काही फुकट बघायला रोज मिळत नाही, अशा चेहऱ्यानं कोपऱ्यात उभी. मी टॅब टीव्हीपुढच्या टेबलावर उभा केला, दोन्हीकडे एकच भाग काढला.

“दाबू?” मावशी म्हणाली. सवयीनं.

“दाब,” आई म्हणाली. तीही सवयीनं.

टीव्हीतली सून दारात आली. टॅबमधलीही आली. टीव्हीतली दारातच होती, तोवर टॅबमधली आत जाऊन रडायला लागली. टीव्हीतला नवरा म्हणाला, “आई, तुला काही सांगायचं होतं,” तोवर टॅबमधल्या नवऱ्याचं सांगून झालं होतं आणि त्याची आई भिंतीला धरून उभी होती.

“बघ,” मावशी म्हणाली. पण आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

टॅबच पुढे पळतोय, म्हणजे आई सुटली, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही; आईला वाटलं, तिचाच टॅब तिच्याविरुद्ध साक्ष देतोय. ती पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, “मग माझंच काहीतरी बिघडलं असेल.”

तेवढ्यात मावशीची सून पुढे झाली. तिनं टॅबवर बोट टेकवलं, खाली आलेल्या आकड्यांकडे बघितलं आणि माझ्याकडे वळली.

“दादा, हे सव्वापटीवर आहे.”

“म्हणजे?” दोघी बहिणी.

“म्हणजे हे मुद्दाम पळवलंय. मावशी, तुम्ही केलंत का?” तिनं आईला विचारलं.

“मला बाई हे ‘दाब’ आणि ‘थांब’ एवढंच येतं,” आई म्हणाली. आणि मग तीन बायकांनी माझ्याकडे पाहिलं. गुप्तहेरांच्या मालिकेत खुनी ओळखायला दहा भाग लागतात. इथे कुणी पापणीसुद्धा लववली नाही.

“मी फक्त एकदाच—” मी म्हणालो.

“एकदाच काय?” मावशी. “ही विचार करकरून आजारी पडली असती म्हणजे? आणि मला म्हणे राउटर काढ!”

आई मात्र माझ्यावर चिडली नाही. ती हसायला लागली, आधी पदरात, मग उघड. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसतच होती. “अगं, माझं डोकं शाबूत आहे,” ती मावशीला म्हणाली. मावशी तिच्याजवळ जाऊन बसली. टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी घराबाहेर काढत होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

“मधले सगळे भाग बघितले असशील तू,” थोड्या वेळानं आई म्हणाली.

“कशाला? तू कुठे होतीस?” असं म्हणून मावशी चहा टाकायला उठली.

मग दोघींनी राहिलेले भाग एकापाठोपाठ एक बघायला घेतले, एकाच टीव्हीवर, एकाच सोफ्यावर. आईला आता साध्या वेगाची सवय राहिली नव्हती. दर दोन मिनिटांनी म्हणायची, “हिला बरं नाही का गं? किती वेळ लावते दार उघडायला!” आणि मावशी म्हणायची, “उघडू दे तिला. तुला कुठे जायचंय?” सुनेनं लॅपटॉप परत उघडलाच नाही, तीही खुर्ची ओढून बसली. संध्याकाळी तिघी एकदमच हसल्या, तेव्हा मलाही काय झालं ते न कळता हसू आलं.

आईला अलीकडे जरा कमी ऐकू येतं. ती पुढे झुकून ऐकतेय असं मला वाटलं, म्हणून मी हळूच रिमोट उचलला, आवाज वाढवावा म्हणून.

मावशीनं पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, “ठेव तो खाली. तू मदत केलीस की आमची भांडणं होतात.”