भागाबाईची काळी

भागाबाई भिवापूरहून भिलाईला आली ती आठवडाभरासाठी, आणि चार दिवस होत नाहीत तोच गाठोडं बांधून बसली. पोलादाचा कारखाना तिथं नुकता उभा राहत होता. तिचा एकुलता एक मुलगा सुखराम ठेकेदाराचा ट्रक चालवायचा. नवरा गेल्यावर गावी तिचं कोणी उरलं नव्हतं, तरी इथं राहायचं नाव काढलं की ती फणकारायची, "काळी नाही या मुलखात. सारी लाल धूळ. मी राहू कावून इथं?"

काळी म्हणजे तिच्या गावची कसदार जमीन. बाई मोठी हट्टी, पण तिचा रागही यावा तसा येत नसे. सुखरामला आई जवळ हवी होती, आणि गडी ते सांगायला लाजत होता.

एकदा राजहऱ्याच्या लोखंडी दगडाच्या डोंगराकडे माल पोचवायला गेला असताना त्याला उतारावर गोल, सपाट ओटे दिसले, काळ्याशार मातीचे. त्याचा आनंद पोटात मावेना. पोतंभर माती आणून त्याने आईच्या पुढ्यात ओतली. "माय, घे तुझी काळी!"

भागाबाईने मूठभर माती चुरली. बोटं काळी झाली, मधून जळक्या काड्यांचे तुकडे निघाले. मग ती जी हसत सुटली ती डोळ्यांना पाणी येईस्तोवर. "अरे येड्या, कोळसा होय हा! शेतकऱ्याच्या पोटी जन्मला अन् माती कळत नाही तुले?"

सुखरामचं तोंड एवढंसं झालं. पण भिलाईत आल्यापासून आई पहिल्यांदाच हसली होती.

"मले ती जागा दाखव," ती म्हणाली, "मंग तसंच टेशनवर सोडून दे." गाठोडं घेऊनच ती ट्रकमध्ये चढली.

डोंगरावर एक म्हातारा शेळ्या चारत होता. त्याने सांगितलं, त्याच्या आज्याच्याही आधी लोक या ओट्यांवर लाकडं रचून, वर माती लिंपून कोळसा पाडायचे आणि त्या कोळशावर डोंगराच्या पायथ्याशी लोखंड गाळायचे. आता ओट्यांवर झाडं वाढली होती. खालच्या अंगाला कोणीतरी दगड लावून माती अडवली होती, अगदी शेताच्या बांधासारखी. भागाबाईने त्या दगडांवरून हात फिरवला.

"राबले बापा, इथं बी माणसं राबले," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर उतई गावात बाजार भरला होता. तिथूनच दुर्ग स्टेशनचा रस्ता फुटत होता. सुखरामने ट्रक हळू केला. तेवढ्यात ट्रक थांबवायला लावून ती उतरली, आणि पाथरवटाकडचा सगळ्यांत जड पाटा-वरवंटा निवडून मोकळी झाली.

"माय, एवढा धोंडा भिवापूरले नेशील कशी?"

"भिवापूरले कोण चाललं?" ती डाफरली. "तुह्या घरी मसाला वाटाले काही नाही. उचल."

सुखरामने पाटा उचलून छातीशी धरला, आणि भर बाजारात त्याला हुंदका फुटला.

"आता रडून कायले राहिला?" भागाबाई म्हणाली. "चाल, सैपाक कराचा हाय."