मोजणीत नसलेले घर

जगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून, आणि आज जिचे वर्षश्राद्ध झाले तिचे स्मरण करून, हे चार शब्द लिहीत आहे.

"थांबा जी गुरुजी, आधी माणूस हाय का ते पाहू द्या."

संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांच्या कोणत्याही आकड्याचे स्वागत ती असेच करी. चष्मा कपाळावर चढवून, दारी आलेल्या अनोळखी विक्रेत्याला न्याहाळावे तशी ती संगणकाच्या पडद्याकडे पाही.

महागावात कापसाच्या अडतीशेजारी तिचे ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान होते. आमच्या पाठशाळेचे संकेतस्थळही तीच सांभाळी. गुरुमुखातून मिळालेले स्तोत्रपाठ उतारवयात मी माझ्या थकत्या आवाजात त्यावर ठेवले होते. विश्वस्तांनी मात्र बजावले होते की खरोखर कोणी ऐकत असेल तरच संकेतस्थळ राहील; नाहीतर बंद.

भेटी एकाएकी वाढल्या, तेव्हा मी हर्षभरित होऊन दुकानात गेलो.

"परदेशातूनही श्रोते येतात!"

"श्रोते? पान उघडलं नाही तं बंद. पापणी लवायच्या आत कोणाचं स्तोत्र होते, गुरुजी? हे बॉट हायत. मशीनी. दारं ठोठावत हिंडतात, घरात कोणी बसत नाही."

मग तिने चाळणी लावली. प्रथम मोजणीतून माझा फोन वगळला, मग आपले दुकान, मग आपले घर. म्हणाली, "आपणच वाढाचं, आपणच जेवाचं, अन् पंगत मोठी झाली म्हणाचं? नाही जमत." त्यानंतर पापणीभर थांबणारे गेले. चाळणीत जे उरले ते पाहून माझा चेहरा उतरला.

उरलेल्यांत एक होता. रोज सूर्योदयापूर्वी, त्याच वेळी, तेच देवीचे स्तोत्र, शेवटपर्यंत.

"याच्यावरच माहा जास्त शक हाय," ती म्हणाली. "माणूस इतका घड्याळासारखा नसते."

"अगं, नित्यपाठ करणारा असाच असतो."

"असन. पण विश्वस्तायले काय सांगू? गुरुजीले वाटते म्हणून?" मग ती म्हणाली, "एक श्लोक गाळून म्हणा. पाहू काय करते."

मी कानांवर हात ठेवले. देवीचा पाठ खंडित करायचा? ती ओशाळली. "मंग गाळू नका. मधात थोडे चूप राहा. चूप राहाले तं पाप नाही ना? मशीनले चूप समजत नाही, माणसाले समजते."

मौनात दोष नाही. मी तसा पाठ म्हटला, तिने तो संकेतस्थळावर ठेवला. ऐकणारा कोठे थांबला, कोठून मागे गेला, हे तिला दिसत असे.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्या अंगणात आली. "मांगं गेला, गुरुजी! पुन्हा ऐकलं, पुन्हा मांगं गेला. माणूस हाय जी. घाबरला बिचारा. वाटलं असन, गुरुजीले काही झालं." आणि कपाळावरचा चष्मा उगीचच पदराने पुसू लागली. "आता चांगला पाठ म्हणा. जास्त भेववू नका त्याले."

विश्वस्त राजी झाले. संकेतस्थळ राहिले.

"तू ऐकतेस का कधी?" मी एकदा विचारले.

"माह्या भरोशावर राहू नका जी," ती हसून म्हणाली.

गतवर्षी अल्प आजारात ती गेली. सांत्वनासाठी गेलो, तेव्हा तिचे यजमान म्हणाले, "रोज सकाळी ऐके ती, गुरुजी. चहा ठेवता ठेवता. त्या दिवशी तुम्ही चूप झाले, तं हातातलं पातेलं खाली ठेवून उभी राह्यली. चूप राहाचं तिनंच सांगितलं होतं, तरी. म्या म्हटलं, तुले मोजलं असतं तं एक माणूस वाढलं नसतं का? तं म्हणे, घरचं मोजत नाही."

आता चहा ते ठेवतात, आणि तिच्या फोनवर स्तोत्रही तेच लावतात. संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या नव्या माणसाने विचारले, हे वगळलेले घर मोजणीत घेऊ का? मी म्हटले, राहू द्या. चाळणी तिची आहे.

वाचकहो, तुमच्या घरीही कोणी असेच मोजणीबाहेर राहून ऐकत असेल. त्याच्यावर आणि तुमच्या साऱ्या कुटुंबावर जगदंबेची कृपादृष्टी अखंड राहो.